ईसीजीच्या परीक्षेची तयारी करताय? मोजायच्या आधी निदान लिहू नका

ईसीजी (हृदयाच्या विजेचा आलेख) समोर आला की डोळा थेट एसटीकडे धावतो. एका ठोक्यातल्या लहरी क्रमाने अशा: पी (वरचे कप्पे, म्हणजे एट्रिया), क्यूआरएस (खालचे कप्पे) आणि टी; एसटी म्हणजे शेवटच्या दोघींमधला भाग. कार्डिओलॉजीच्या परीक्षेला बसणाऱ्या बहुतेकांचं हेच होतं, माझंही व्हायचं. काहीतरी ठळक सापडलं की उत्तर लिहायचं आणि उरलेला कागद बघायचाच नाही. गुण जातात ते नेमके तिथे.

एक ईसीजी मला अजून लख्ख आठवतो. रेट मिनिटाला १५०, लय एकदम नियमित, क्यूआरएस अरुंद. मी 'सायनस टॅकिकार्डिया' (हृदयाची नेहमीचीच लय, फक्त वेगवान) लिहून पुढे गेले. सरांनी कागद परत माझ्यापुढे सरकवला आणि कॅलिपर (अंतर मोजायचं दोन टोकांचं साधन) हातात दिला. "दोन क्यूआरएसच्या बरोबर मधोमध पी दिसतेय ना? मग तिची जोडीदारीण क्यूआरएसमध्ये लपलीय का बघ." आर (क्यूआरएसचं वरचं टोक) ते पुढची आर या अंतराच्या निम्म्यावर कॅलिपर लावला, एक टोक त्या पी वेव्हवर ठेवलं, तर दुसरं टोक क्यूआरएसच्या शेपटीवर पडलं. तिथे एक बारीक उंचवटा होता. एट्रियल फ्लटर (एट्रियाची अतिवेगवान, नियमित लय), २:१ कंडक्शन, म्हणजे एट्रियाच्या दर दोन ठोक्यांमागे खाली एकच पोचतो. एट्रिया ३०० ने चालले होते. तेव्हापासून रेट १५० च्या आसपास आणि नियमित दिसला की लीड २ आणि व्ही१ (लीड म्हणजे हृदयाकडे बघायची एकेक दिशा) मध्ये फ्लटर वेव्ह शोधल्याशिवाय मी सायनस लिहीत नाही.

त्याच्याही आधी कागदाचा कोपरा वाचा. वेग सेकंदाला २५ मिलिमीटर आणि १ मिलिव्होल्टला १० मिलिमीटर, हे गृहीत धरू नका. उंची निम्म्यावर ठेवलेली असेल तर एलव्हीएच (डाव्या खालच्या कप्प्याची भिंत जाड होणं) हातचा निसटतो. वेग ५० असेल तर साधा क्यूआरएसही रुंद भासतो. तसंच रेट काढायला ३०० ला दोन क्यूआरएसमधल्या मोठ्या चौकोनांनी भागायची युक्ती नियमित लयीपुरतीच. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये (एट्रियाची अनियमित लय) १० सेकंदांतले क्यूआरएस मोजून ६ ने गुणा.

लीड १ मध्ये पी, क्यूआरएस, टी सगळंच उलटं? घाईने डेक्स्ट्रोकार्डिया (हृदय छातीत उजवीकडे असणं) लिहू नका. छातीच्या लीड (व्ही१ ते व्ही६) बघा. व्ही१ पासून आर नेहमीसारखी वाढत गेली असेल तर दोन हातांच्या वायरींची अदलाबदल झालीय. व्ही६ कडे जाताना ती खुजी होत गेली, तर डेक्स्ट्रोकार्डिया.

व्ही१ ते व्ही३ मधलं एसटी डिप्रेशन (एसटी खाली दबलेला असणं) हा माझ्या मते सगळ्यात महागात पडणारा सापळा, कारण तो परीक्षेपुरता राहत नाही, पेशंटपर्यंत पोचतो. 'इस्केमिया' (हृदयाला रक्त कमी पडणं) लिहून मोकळं होण्याआधी तिथली आर उंच आहे का आणि टी सरळ उभी आहे का ते पाहा. तसं असेल तर पोस्टिरिअर एमआयची (हृदयाच्या मागच्या भिंतीच्या हार्ट अटॅकची) शंका घ्या. पाठीकडे लावायच्या व्ही७ ते व्ही९ मध्ये अर्धा मिलिमीटर एसटी एलिव्हेशनसुद्धा (एसटी वर उचललेला असणं) पुरेसं मानतात.

पॉज (ठोक्यांमधला लांब खंड) दिसला की लगेच एव्ही ब्लॉक (वरून खाली जाणाऱ्या संदेशात अडथळा) लिहिण्याची सवय मोडा. पॉजच्या अगोदरची टी वेव्ह शेजारच्या टी वेव्हशी ताडून पाहा. तिच्यावर टोक किंवा खाच असेल तर वेळेआधी आलेली, पुढे न पोचलेली एट्रियल बीट तिथे दडलेली असते. आणि खरोखर २:१ ब्लॉक असेल, तर तेवढ्याच पट्टीवरून तो मोबिट्झ १ (पीआर, म्हणजे पी ते क्यूआरएस अंतर, वाढत जाऊन ठोका गळतो) की मोबिट्झ २ (पीआर तेवढंच राहून गळतो) हे ठरवता येत नाही. सलग दोन पीआर मोजायलाच मिळत नाहीत.

क्यूटीसाठी (क्यूआरएसच्या सुरुवातीपासून टीच्या शेवटापर्यंतचं अंतर) मशीनच्या आकड्यावर विसंबू नका. रेट जास्त असताना बॅझेटचं सूत्र क्यूटीसी (रेटनुसार दुरुस्त केलेलं क्यूटी) फुगवून दाखवतं, आणि यू वेव्ह (टी नंतरची छोटी लहर) धरून मोजलं तर अजूनच चुकतं.

यादीतून निदानं निवडायची असतील आणि चुकीच्या पर्यायाला गुण कापले जात असतील, तर 'असूही शकेल' म्हणून एकही खूण करू नका. कागदावर बोट ठेवून दाखवता येईल तेवढंच निवडा.

सराव करताना मशीनने छापलेलं निदान झाकून ठेवा. चुकलेल्या ईसीजीपुढे बरोबर निदान लिहून थांबू नका, कोणती पायरी गाळली तेही लिहा. माझ्या वहीत पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त वेळा एकच ओळ होती: 'पी वेव्ह शोधली नाही.'