घरी मराठी, गल्लीत कोंकणी, शाळेत इंग्लिश: गोव्यात पोरांची मराठी चालू कशी ठेवायची

गोव्यातल्या मराठी घरांत एक गोष्ट सारखी दिसते. घरात आई पोराशी मस्त मराठीत बोलते, रागावते, लाड करते, गोष्टी सांगते, आणि दार ओढून बाहेर पडली, शाळेच्या गेटवर नाहीतर मॉलमध्ये पोचली की तीच आई "कम हियर, डोन्ट टच, से थँक्यू टू आंटी" सुरू करते. पोर अडीच-तीन वर्षांचं असलं तरी त्याला बरोबर कळतं की मराठी म्हणजे घरात घालायच्या गाऊनसारखी, बाहेर नाही चालत. मग पहिली-दुसरीत गेल्यावर तेच पोर म्हणतं, "मम्मा, इथे मराठीत नको ना बोलूस" आणि आपण विचार करत बसतो की हे याला शिकवलं कुणी. म्हणून माझं म्हणणं असं की पोराची मराठी राहते का जाते हे घरापेक्षा बाहेर जास्त ठरतं. घरचं थोडक्यात सांगते, खरी मेहनत बाहेर आहे.

घरात पहिलं काम म्हणजे कोण कुठली भाषा बोलणार ते नवरा-बायकोने बसून ठरवणं. "एक माणूस एक भाषा" ही पद्धत बऱ्याच जणांनी ऐकली असेल, झ्यूल रॉन्झा नावाच्या फ्रेंच भाषातज्ज्ञाने आपल्या मुलावर ती करून बघितली, स्वतः फ्रेंच आणि बायको जर्मन बोलायची, आणि १९१३ साली त्याने ते सगळं लिहून छापलं. आई सावंतवाडीची किंवा बेळगावची आणि बाबा फोंड्याचे, कोंकणी बोलणारे, अशा घराला ही पद्धत बरोबर बसते. पण दोघंही मराठीच असाल तर उगाच "तू मराठी बोल मी इंग्लिश बोलतो" अशी वाटणी करू नका. बेल्जियममध्ये आनिक द हौवर या बाईंनी जवळपास १९०० कुटुंबांची पाहणी केली होती, २००७ साली ती प्रसिद्ध झाली, त्यात साधारण चारातलं एक मूल घरात दुसरी भाषा ऐकूनही ती बोलत नव्हतं, आणि जिथे आईबाप दोघंही घरात तीच भाषा बोलायचे तिथे मुलं बोलायचं प्रमाण सगळ्यात चांगलं होतं. इंग्लिशची काळजी करायचं काही कारण नाही, गोव्यात पाचवीपासून तर जवळजवळ सगळ्या शाळा इंग्लिशमध्येच चालतात, पोर कुठूनही शिरलं तरी इंग्लिश त्याला गाठणारच.

गोव्यातली खास अडचण वेगळी आहे. मराठी आणि कोंकणी एवढ्या जवळच्या आहेत की पोराला दोन भाषांमधली सीमाच दिसत नाही, म्हणजे इंग्लिश आली तर लगेच कळतं, पण "आई, बॉल खंय गेला?" किंवा "माका पाणी हवंय" हे आपल्या कानालाही पटकन खटकत नाही. यावर ओरडायचं नाही, "नीट बोल" असंही म्हणायचं नाही. त्याचंच वाक्य आपल्या भाषेत परत द्यायचं आणि गप्पा पुढे न्यायच्या, "बॉल कुठं गेला? अरे सोफ्याखाली गेला वाटतं, बघ जरा." दिवसभरात हे कितीतरी वेळा होतं आणि पोराला शिकवणी घेतल्यासारखं अजिबात वाटत नाही. उलट कोंकणी बरोबर आली तर कौतुकच करा, बाबांशी आणि शेजाऱ्यांशी बोलायला ती त्याला लागणारच आहे.

उशिरा बोलण्याबद्दल एक मुद्दा, कारण बिल्डिंगमध्ये कोणीतरी हमखास सांगायला येतं की दोन-तीन भाषांमुळे पोर गोंधळलंय, एकच भाषा ठेवा. दोन भाषांमुळे बोलणं अडत नाही. शब्द मोजायचे तर सगळ्या भाषांतले मिळून मोजा, मराठीतले वीस आणि कोंकणीतले पंधरा असले तर ते पस्तीस झाले. साधारण वर्षाच्या आसपास पहिला शब्द आणि दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडणं, "दूध दे", "बाबा गेला" असं, हे दोन भाषांच्या पोरांनाही लागू आहे. तसं होत नसेल तर आधी कान तपासून घ्या आणि स्पीच थेरपिस्टला दाखवा. भाषा बंद करून बघू असला प्रयोग मात्र नको, त्यात आजीशी बोलणं तुटतं आणि मूळ अडचण तशीच राहते.

आता बाहेरचं. पहिला नियम, आवाज बदलायचा नाही. बऱ्याच आया बाहेर मराठीतच बोलतात, पण वाकून, कानात, कुजबुजत, म्हणजे चोरीच करतोय जणू, आणि पोर तो सूर पकडतं. घरात ज्या आवाजात "चप्पल घाल" म्हणता त्याच आवाजात दुकानातही म्हणा. दुसरं, बाहेर फक्त हुकूम सोडू नका, बाहेरच्या बोलण्यात नुसतं "ये, बस, धरू नको, चल लवकर" एवढंच उरतं, कुठलीही भाषा अशी वापरली तर पोराला तिचा कंटाळाच येणार. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जा, तिथे बोलायला काय कमी आहे, मिरच्या आहेत, चोरीस म्हणजे गोव्याचं सॉसेज आहे, मातीची भांडी आहेत, केळ्यांचे घड लटकतायत, पोराला विचारा यातलं काय घ्यायचं, कुठली केळी पिकलीत, किती पैसे परत मिळाले. पणजीला जाताना मांडवीच्या पुलावरून कॅसिनोच्या बोटी मोजा. बाहेर गप्पा झाल्या की ती गप्पांची भाषा होते.

अवघडल्यासारखं होत असेल (होतं, विशेषतः ज्यांचं स्वतःचं शिक्षण मराठीत झालंय आणि शाळेच्या गेटवर सगळ्या आया इंग्लिशमध्ये बोलतायत) तर सोप्या जागेपासून सुरुवात करा. बस, बाजार, देऊळ, बीच इथे कोणाचं लक्ष नसतं. मग दवाखाना, मग शाळेचं गेट. दवाखान्यात डॉक्टर इंग्लिशमध्ये बोलले तर त्यांना इंग्लिशमध्ये उत्तर द्या आणि लगेच पोराकडे वळून मराठीत सांगा, "डॉक्टर म्हणतायत, जीभ दाखव, आऽऽ कर." एवढं साधं आहे, समोरच्याशी त्याची भाषा, पोराशी आपली. समोरच्याला हे उद्धट वाटत नाही, कारण तुम्ही त्याला तोडत नाही.

तोडणं कधी होतं, तर चारचौघांच्या गप्पांत तुम्ही अचानक पोराशी लांबलचक मराठीत बोलायला लागता आणि बाकीचे बघत बसतात तेव्हा. त्याला उपाय म्हणजे एका ओळीत सांगून टाकणं, "त्याला सू लागलीय, आलेच." पोराचे मित्र घरी आले असतील आणि त्यांना मराठी कळत नसेल तर सगळ्यांना मिळून जे सांगायचं ते त्यांच्या भाषेत सांगा, फक्त आपल्याच पोराला जे सांगायचं ते मराठीत. एखाद्याचं पोर आपल्या डायनिंग टेबलवर बावळटासारखं बसून राहिलं तर आपलं पोर त्याच दिवशी ठरवतं की मराठी नको.

सासरची मंडळी कोंकणी बोलणारी असतील तर नव्या सुनेला वाटतं की सासूबाईंसमोर पोराशी मराठीत बोललं तर त्यांना वेगळं पाडल्यासारखं होईल. अहो, त्या सकाळी मराठी पेपर वाचतात, देवळात मराठीत कीर्तन ऐकतात, चतुर्थीला मराठी आरत्या तोंडपाठ म्हणतात, त्यांना सगळं कळतं. फक्त एक करा, सासूबाईंशी स्वतः कोंकणीत बोला, मोडकीतोडकी असली तरी. हे घराबाहेरही तसंच. पोराशी मराठी आणि मासेवालीशी "सुंगटां कशीं दिलीं?" (कोळंबी कशी दिली) हे एकाच मिनिटात पोराने ऐकलं पाहिजे. गोव्यात राहून सगळ्यांनी आपल्याशी मराठीतच बोलावं असा हट्ट धरणारी माणसं मला स्वतःला आवडत नाहीत, आणि पोर त्यातून भाषा कमी नि भांडण जास्त शिकतं. इथे भाषेचा विषय तसा दुखरा आहे, गोवा महाराष्ट्रात जावा की वेगळा राहावा यावरचा १९६७ चा जनमत कौल, १९८७ चा राजभाषा कायदा, त्यात कोंकणी राजभाषा आणि मराठीला सरकारी कामात वापराची मुभा, यावर घराघरांत अजून आवाज चढतात. चढू देत, पण पोर झोपल्यावर. कोणी बसमध्ये म्हणालंच की "गोंयांत रावता मगो, मागीर कोंकणी उलय" (गोव्यात राहतेस ना, मग कोंकणी बोल), तर हसून कोंकणीतच उत्तर द्यायचं की उलयतां, भुरग्याकडेन मात मराठी, म्हणजे बोलते, पोराशी मात्र मराठी. आणि "देव बरें करूं", म्हणजे धन्यवाद, म्हणून उतरायचं. वाद घालायचा नाही, पोर बघत असतं.

दुसरा प्रकार म्हणजे मराठीच नातेवाईक, जे सांगतात की इंग्लिशमध्ये बोल गं त्याच्याशी, शाळेत मागे पडेल. त्यांना एकच वाक्य, "इंग्लिश शाळा शिकवते, मराठी मी." पुढे चर्चा नको. माझं तर स्पष्ट मत आहे की आपलं इंग्लिश कामापुरतं असेल तर त्यात पोर वाढवूच नये. त्या भाषेत आपल्याला टोमणा मारता येत नाही, गंमत करता येत नाही, भीती वाटली तर समजूत घालता येत नाही, मग पोराला आईच अर्धी मिळते.

आणि एक धोक्याची सूचना. परदेशात राहणारे मराठी लोक मराठी ही गुप्त भाषा म्हणून वापरतात, लिफ्टमध्ये समोरच्याचा शर्ट कसा भयाण आहे वगैरे. गोव्यात हे बिलकुल करू नका. तुमच्या पुढच्या सीटवर बसलेल्या फर्नांडिस बाईंनाही मराठी कळत असेल, सिरियल बघून का होईना. शिवाय पोराला कळतं की ही भाषा लोकांची टिंगल करायला आहे, आणि मग ते शाळेत जाऊन तेच करतं.

बाहेर आपली भाषा कशी बोलायची याचा नमुना बघायचा असेल तर मोरजी नाहीतर हरमलला जा. तिथे मेनूकार्डं आणि दुकानांच्या पाट्या रशियनमध्ये आहेत, आणि रशियन आया दुकानात आपल्या पोरांना भरल्या आवाजात रशियनमध्येच झापतात, आजूबाजूला कोणाला कळतंय का याचा विचारही करत नाहीत. पोराला ते दाखवा, काही समजावत बसू नका, नुसतं म्हणा, "बघ, ती पण तिच्या आईशी तिच्या भाषेत बोलतेय." आमच्याकडे यावर पुढे बराच वेळ खेळ चालतो, कोण कुठल्या भाषेत बोलतंय ते ओळखायचं, कारण बीचवर हिंदी, कन्नड, कोंकणी, इंग्लिश, रशियन सगळं एका तासात कानावर पडतं.

पोराला सगळं कळतं पण उत्तर इंग्लिशमध्येच देतं, ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते. "मला कळलं नाही" असं नाटक करायचा सल्ला मिळतो, तीन वर्षांच्या पोरावर चालतो, सात वर्षांच्या पोराला पक्कं माहीत असतं की तुम्ही कालच बँकेत इंग्लिश फाडलंय. त्यापेक्षा ज्याला खरोखर इंग्लिश येत नाही असा माणूस शोधा. आजीला व्हिडिओ कॉल लावा आणि खोलीतून बाहेर जा, तुम्ही शेजारी बसलात की दुभाष्या बनता. मे महिन्याच्या सुट्टीत पोराला मामाकडे पाठवा, कदंबाच्या बसने सावंतवाडी काही लांब नाही, आणि शक्यतो तुम्ही राहू नका. भावंडांबरोबर पत्त्यात भांडायचं असेल तर मराठी आपोआप येते, तिथे जिंकायला लागते ना ती. आणि पोर चुकलं तर मामाला आधीच सांगून ठेवा की हसायचं नाही, "गोव्याची पोरगी बघा कशी बोलते" असं पाहुण्यांसमोर बोलून दाखवलं की पोर दोन दिवस तोंड उघडत नाही.

वाचनाचं फार अवघड करू नका. कोंकणी देवनागरीत शिकत असेल तर लिपी आलीच, फुकटात मिळाली म्हणा. शाळेत नसेल तर रस्त्यावरच्या पाट्या, बसवरची गावांची नावं, पेपरातली हेडलाइन एवढं पुरतं सुरुवातीला. पणजीत पाटोला कृष्णदास शामा ग्रंथालय आहे, १८३२ सालचं, तिथे मराठी पुस्तकं भरपूर मिळतात, पोराला स्वतःला निवडू द्या, मग ते भुताचं पुस्तक निवडू दे. बालभारतीचं किशोर मासिक १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक ऑनलाइन फुकट वाचता येतात. चतुर्थीच्या आधी आरत्यांची छोटी पुस्तिका पोराच्या हातात द्या आणि घुमट वाजवणाऱ्यांच्या शेजारी उभं करा, ताल चुकायला नको म्हणून डोळे ओळीवर राहतात, वाचनाचा सराव त्यातच होतो.

दहा-अकरा वर्षांचं झालं की सगळं परत बदलतं. तेव्हा शाळेच्या गेटवर आईने काहीही बोललं तरी लाज वाटते, भाषा कुठलीही असो, त्याचा दोष मराठीवर टाकू नका. सरळ तह करा, मित्रांसमोर मी तुला हाक मारणार नाही, लाडाचं नाव तर नाहीच, पण गाडीत बसलास की मराठी. बहुतेक पोरं एवढ्याला तयार होतात. एखादं नाही झालं तर व्हॉट्सॲपवर मराठीत मेसेज टाका, उत्तर इंग्लिश अक्षरांत मराठी आलं, "yeto" च्या धर्तीवर, तरी चालेल, देवनागरी कीबोर्ड त्याच्या फोनमध्ये टाकून ठेवा आणि त्यावर एक शब्दही बोलू नका.