पावसाळ्यात पाठीवर खाजरं पुरळ: अखेर काय लागू पडलं

जुलैपासून मानेवर, पाठीवर बारीक पुरळ. सकाळी उठल्यावर खाज जास्त. पावडरीचा घामात लगदा झाला, जंतुनाशक साबणाने कातडी कोरडी पडली. जीव नुसता वैतागला.

आधी कूलरचा पंप बंद केला, फक्त पंखा ठेवला. नागपुरात मे महिन्यात तारणारा कूलरच पावसाळ्यात गादी दमट करतो. मग सुती चादर नि अभ्रे ६० अंशांच्या पाण्यात धुतले: साबण निम्मा, खंगाळणं दोनदा. वाळलेली वाटणारी चादर शिवणीपाशी ओलसरच असते, तिथे इस्त्री फिरवली. गादी दोन तास भिंतीला उभी, पंख्यासमोर. अभ्रा दर दोन दिवसांनी, चादर आठवड्यातून दोनदा बदलली. दहा दिवसांत पुरळ बसलं.

कडेने लाल, गोल चट्टा असेल तर नायट्याची शंका घ्या. मनाने स्टेरॉइडचं मलम लावू नका, तो पसरतो, त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा.