गाडी सर्व्हिसिंगला टाकताना: जॉब कार्ड, बदली गाडी आणि ‘सांजे मेळटली’

सकाळी साडेनऊला गाडी डीलरच्या वर्कशॉपात द्यायची, ‘सांजे मेळटली’ (संध्याकाळी मिळेल) ऐकून बाहेर पडायचं आणि साडेपाचला फोन केल्यावर कळायचं की गाडी अजून रॅम्पवरच आहे. बदली गाडी, म्हणजे कर्टसी कार, विचारली तर ‘आज बाहेर गेलीय’. गोव्यात गाडी बाळगणाऱ्या बहुतेकांना हे पाठ झालंय. यातला बराचसा मनस्ताप बुकिंगच्या फोनवर आणि जॉब कार्डावर, म्हणजे गाडीवर करायची कामं लिहिलेल्या कागदावर, सही करतानाच ठरून गेलेला असतो. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

कधी टाकावी

मे महिन्याचा दुसरा पंधरवडा, चवथीआधीचे (गणेश चतुर्थीआधीचे) दहा-बारा दिवस आणि २० डिसेंबर ते नवीन वर्ष एवढे दिवस टाळा. मेमध्ये वायपर, ब्रेक, टायर सगळ्यांनाच पावसाआधी करून घ्यायचे असतात. चवथीला गर्दी वाढते आणि नेमके मेकॅनिक रजेवर जातात. डिसेंबरअखेर तर बदली गाडी हुकली की भाड्याची गाडीही परवडत नाही, दर पर्यटकांच्या हिशेबाने चढलेले असतात. पावसाआधीची कामं एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात उरका. आठवड्यात मंगळवार ते गुरुवार बरा. शनिवारी नोकरदारांची झुंबड असते आणि एखादा पार्ट अडला तर गाडी थेट सोमवारवर जाते.

सर्व्हिसची मुदत किलोमीटर किंवा महिने, जे आधी पूर्ण होईल ते, अशी असते. ती तारीख चवथीत येत असेल तर आधी करून घ्या. नंतर ढकलली तर वॉरंटीच्या वेळी तेच कारण पुढे येतं.

सकाळची पहिली वेळ मागा. नेहमीच्या सर्व्हिसिंगचं हातातलं काम दीड-दोन तासांचंच असतं. बाकीचा दिवस रॅम्पची रांग, धुण्याची रांग आणि बिलाची रांग खाते. जुलैत तर ‘पाणी मारू नका’ असं जॉब कार्डावर लिहून घ्या. गेटबाहेर पडताच पाऊस ती धुणारच आहे, वर अर्धा-पाऊण तास वाचतो.

पार्ट आधी, गाडी नंतर

गाडी वर्कशॉपात अडकण्याचं सगळ्यांत मोठं कारण म्हणजे नसलेला पार्ट. ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, खपाऊ गाड्यांचे ब्रेक पॅड इथे स्टॉकमध्ये असतात. सस्पेन्शनचे बुश, सेन्सर, दिव्यांचे संच, बंपर असल्या गोष्टी बहुतेक वेळा राज्याबाहेरच्या गोदामातून मागवाव्या लागतात. पावसात अनमोड किंवा चोर्ला घाटात दरड आली की त्यात आणखी दिवस जातात.

म्हणून बुकिंग करताना आरसीवरचा १७ अक्षरांचा चासी नंबर द्या आणि थेट विचारा: ‘पार्ट आज तुमच्या काउंटरवर आहे की मागवायचा?’ मागवायचा असेल तर आगाऊ पैसे भरा, पावती घ्या आणि गाडी घरीच ठेवा. चालती गाडी पार्टाची वाट पाहत वर्कशॉपात उभी करण्यात तुमचा काहीच फायदा नाही. गाडी चालण्याजोगीच नसेल तर पार्ट ‘व्हीओआर’ ऑर्डरवर घालायला सांगा. गाडी रस्त्यावरून बाद आहे अशा तातडीच्या ऑर्डरचं हे नाव आहे. तो शब्द तुमच्या तोंडून आला की काउंटरवरच्या बोलण्याचा सूर जरा बदलतो.

फोनवर ठरलेलं सगळं लगेच सर्व्हिस अ‍ॅडव्हायजरला, म्हणजे तुमचं जॉब कार्ड लिहिणाऱ्या माणसाला, व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. मजकूर एवढाच पुरे:

‘१७ तारखेला सकाळी ८.४५, १०,००० ची सर्व्हिस. पुढचे ब्रेक पॅड स्टॉकमध्ये आहेत असं तुम्ही सांगितलंत. बदली गाडी सकाळी ९ ला. माझी गाडी त्याच दिवशी संध्याकाळी ५ ला. काही बदल असेल तर १६ तारखेला दुपारी १२ पर्यंत कळवा.’

जॉब कार्डावरची दहा मिनिटं

‘जनरल चेकअप’ असं लिहू देऊ नका. त्याचा अर्थ मेकॅनिकच्या लेखी काहीच नसतो. ‘ब्रेकचा आवाज येतो’ हेही अपुरं. तक्रार अशी लिहून घ्या: ‘३० च्या वेगात ब्रेक हलका दाबल्यावर पुढच्या डाव्या चाकातून किरकिर, गाडी गरम झाल्यावरही राहते.’ कोणतं चाक, कोणता वेग, थंड की गरम, एवढं सांगितलं की मेकॅनिकचा शोधण्याचा तास वाचतो.

हाच ब्रेक जरा जवळून पाहू. आपल्या पावसात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर गंजाचा पातळ थर चढतो. पहिल्या चार-पाच ब्रेकला तो खरखरतो आणि घासून जातो, त्यासाठी गाडी टाकायची गरज नाही. आवाज टिकून राहिला किंवा थोडी चालवल्यावर एका चाकाची रिम दुसऱ्यापेक्षा जास्त तापली, तर कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, स्लाइड पिना अडकल्याची शंका घ्या. खारट दमट हवेत त्या सुकतात आणि गंजतात. मग पॅड नीट मागे सरकत नाही आणि एकच बाजू झिजते. पिना काढून साफ करून ब्रेकचं ग्रीस लावलं की पुष्कळदा काम भागतं. पण काउंटरवर तुम्हाला ‘पॅड गेले’ एवढंच सांगतील. तेव्हा मिलिमीटर विचारा. नवा पॅड साधारण १० मिमीचा असतो, ३ मिमीच्या आसपास आला की बदलायचा. ६ मिमी उरले असतील तर पुढच्या सर्व्हिसपर्यंत थांबता येतं.

सही करण्याआधी कार्डावर किलोमीटर, इंधनाची पातळी, अंगावरचे ओरखडे, स्टेपनी आणि जॅक यांची नोंद आहे का पाहा. अंदाजित खर्च आणि गाडी मिळण्याची वेळ, दोन्ही आकड्यांत हवेत. शिवाय अ‍ॅडव्हायजरला तीन ओळी लिहायला लावा: ‘विचारल्याशिवाय जादा काम नको’, ‘बदललेले जुने पार्ट परत’, ‘बदली गाडी दिली / नाही’. वॉरंटीत बदललेला पार्ट कंपनीकडे परत जातो, विम्याच्या क्लेममधल्यावर विमा कंपनीचा हक्क असू शकतो. ते मागून भांडू नका, बाकीचे मागा. कार्डाची प्रत घ्या, निदान फोटो तरी.

इंजिन फ्लशिंग, इंजिन ड्रेसिंग, इंजेक्टर क्लीनर, एसीची फवारणी, टेफ्लॉन ही यादी काउंटरवर येणारच. लक्षण नसेल तर नको म्हणा. एकाच गोष्टीचा आपल्याकडे विचार करावा, ती म्हणजे खालच्या पत्र्याचं अँटी-रस्ट कोटिंग, तेही पावसाआधी आणि गाडी खालून धुऊन पूर्ण सुकल्यावर. ओल्या पत्र्यावर मारलेलं कोटिंग गंज आत कोंडतं.

बदली गाडी: का मिळत नाही, कशी मिळवावी

साध्या गाड्यांच्या डीलरकडे बदली गाड्या असल्याच तर एक-दोन असतात. ती ‘बाहेर’ असते, कारण जी व्यक्ती ती घेऊन गेलीय तिची गाडी पार्ट न आल्यामुळे अडकलेली असते. म्हणजे तुमची सोय दुसऱ्या कुणाच्या तरी न आलेल्या पार्टावर टांगलेली. हे लक्षात घेतलं की ‘नक्की देतो’ या शब्दाची किंमत कळते.

मुळात तुमचा हक्क कुठे आहे ते आधी तपासा. महागड्या गाड्यांच्या काही सर्व्हिस योजनांत बदली गाडी लिहिलेली असते. वाढीव वॉरंटी आणि रोडसाइड असिस्टन्सच्या पुस्तिकेतही अशी तरतूद सापडते, बहुधा गाडी वाटेत बंद पडल्यास आणि दुरुस्ती लांबल्यासच. अपघातानंतर कामी येतं ते विम्यातलं दैनिक भत्त्याचं जोडकलम. गाडी वर्कशॉपात असेपर्यंत रोज ठरलेली रक्कम मिळते, पण सुरुवातीचे काही दिवस वजा होतात आणि एकूण दिवसांना मर्यादा असते. हे कलम नूतनीकरणाच्या वेळीच घ्यावं लागतं. ठोकल्यावर आठवून उपयोग नाही.

योजनेत काहीच नसेल तरी मागायला हरकत नाही. वॉरंटीतलं काम असेल आणि पार्टासाठी गाडी दोन दिवसांपेक्षा जास्त थांबणार असेल, तर सर्व्हिस मॅनेजरकडे लेखी मागा. अ‍ॅडव्हायजरच्या हातात हा निर्णय बहुधा नसतो. पिक-अप अँड ड्रॉप मात्र पुष्कळ ठिकाणी मिळतं आणि बदली गाडीपेक्षा सहज मिळतं.

गाडी मिळाली तर किल्ली घेण्याआधी नंबरप्लेट पाहा. लाल प्लेटवर पांढरी अक्षरं असतील तर ती ट्रेड सर्टिफिकेटवरची आहे, चाचणी आणि डिलिव्हरीसारख्या डीलरच्या कामांसाठी. ती घेऊन तुम्ही रोज ऑफिसला जाऊ शकत नाही. आरसी, विमा, पीयूसी फोनवर घ्या. विम्यात थर्ड पार्टीच आहे की संपूर्ण, आणि ठोकली तर किती रक्कम तुमच्या खिशातून, हे लेखी घ्या. चारही बाजू, छप्पर, रिम, आतला इंधनाचा काटा आणि किलोमीटर यांचा एक सलग व्हिडिओ काढा. दिवसाला किती किलोमीटर आणि पत्रादेवी-पोळेच्या, म्हणजे राज्याच्या हद्दीच्या, पलीकडे नेता येते का, तेही विचारा. बऱ्याच जणांना सावंतवाडी किंवा कारवारला जायचं असतं आणि अट परतल्यावर कळते. ताबा घेतल्याची तारीख आणि वेळ कागदावर हवीच. मेरशीच्या सिग्नलवरच्या कॅमेऱ्याने पकडलेलं चलान आधीच्या माणसाचं की तुमचं, हे त्यावरूनच ठरतं.

नाहीच मिळाली तर

आपल्याकडे ओला-उबर नाहीत. गोवामाइल्स या टॅक्सी अ‍ॅपवर गाडी मिळते, पण वर्कशॉप आतल्या भागात असेल तर संध्याकाळी वाट पाहावी लागते. एकट्याने मुख्य रस्त्यापर्यंत जायचं तर पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सी, सोयीचा. पणजी–मडगावसाठी कदंबची (सरकारी बससेवेची) शटल भरवशाची, मात्र वाळपई, सांगे, काणकोणच्या आतल्या गावांच्या बसगाड्या रात्री लवकर आटोपतात. गाडी सातनंतर मिळणार असेल तर आणायला दुसऱ्या दिवशी सकाळीच जा. तसंही रात्री ट्यूबलाइटखाली रंगातला फरक दिसत नाही.

दोन-तीन दिवसांसाठी भाड्याने घ्यायची तर काळ्या प्लेटवर पिवळी अक्षरं असलेलीच गाडी घ्या. पांढऱ्या प्लेटची ‘ओळखीतली’ स्वस्त पडते, पण अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते.

वेळ टळली तर

फोन संध्याकाळी पाचला करायचा नसतो. सकाळी अकराला आणि दुपारी दोनला करा. अकराला कळतं की गाडी रॅम्पवर गेली का, आणि दोनपर्यंत जादा कामाची मंजुरी द्यायची तर अजून वेळ असतो. जादा कामाला होकार व्हॉट्सअ‍ॅपवर, रकमेसह द्या.

ठरलेला दिवस उलटला तर सर्व्हिस मॅनेजरला ईमेल करा: जॉब कार्ड क्रमांक, ठरलेली तारीख, उशिराचं त्यांनी दिलेलं कारण, आणि अमुक तारखेपासून भाड्याच्या गाडीचा खर्च तुमच्याकडून मागेन हे वाक्य. खर्च करण्याआधी हे लिहा, बिलं जपा. दोन दिवसांत उत्तर नसेल तर गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या ग्राहक सेवेत तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. डीलरला तुमच्या रागापेक्षा त्या क्रमांकाची जास्त काळजी असते. पुढची पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानंतर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत, ई-जागृती पोर्टलवरून करता येते, वकील सक्तीचा नाही आणि तुम्ही भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही.

गाडी ताब्यात घेताना

पैसे भरण्याआधी कच्चं बिल मागा. ऑइलचे लिटर मॅन्युअलशी ताडा. छोट्या पेट्रोल गाडीत फिल्टरसह साधारण ३ ते साडेतीन लिटर मावतं, बिलात ४ असेल तर विचारा. ड्रेन प्लगचा (जुनं ऑइल सोडण्याच्या बोल्टचा) नवा वॉशर बिलात आहे का पाहा. काही रुपयांची वस्तू, पण जुनाच बसवला तर आठवड्याने अंगणात काळे ठिपके दिसतात. फ्री सर्व्हिसमध्ये फुकट असते ती मजुरी, ऑइल आणि फिल्टरचे पैसे पडतातच. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे, कुठल्याही पार्टापुढे २८ दिसले तर बिल दुरुस्त करून घ्या.

बॅटरी बदलायला सांगितली असेल तर टेस्टरची छापील स्लिप मागा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे ठीक, १२.२ च्या खाली म्हणजे कमजोर. टर्मिनलवरची पांढरट-हिरवी भुकटी साफ केली की काही वेळा नव्या बॅटरीचा विषयच संपतो.

बॉनेट उघडून डिपस्टिक पाहा, मग आवाजाची तक्रार असलेल्या गाडीत मेकॅनिकला बाजूला बसवून दोन किलोमीटर फिरा. तक्रार तशीच असेल तर गेट पास घेऊ नका, तेच जॉब कार्ड उघडं ठेवायला सांगा. नवं कार्ड निघालं की मजुरी पुन्हा लागू शकते.

बदली गाडी परत करताना टाकी होती तेवढी भरा, पुन्हा व्हिडिओ काढा आणि वेळ-किलोमीटर लिहिलेली पोच हातात पडल्याशिवाय किल्ली काउंटरवर ठेवू नका.