पाऊस कसा पडतो, किती पडतो: मुलांसोबत करून बघा

‘ढगांवर ढग आपटले की पाऊस पडतो’ असं मुलांना सांगू नका. खरं कारण पाच वर्षांच्या मुलालाही कळतं, फक्त ते डोळ्यांना दिसायला हवं.

उष्णता सोसणाऱ्या काचेच्या वाडग्यात दोन बोटं कढत पाणी मोठ्यांनीच ओतावं. वर स्टीलची ताटली झाकून तिच्यात बर्फाचे खडे ठेवा. थोड्याच वेळात ताटलीच्या तळाला थेंब धरतात, मोठे होतात, टपकतात. पाणी म्हणजे अरबी समुद्र, ताटली म्हणजे वरची गार हवा. नैर्ऋत्येचा वारा ओली हवा आणतो, ती सह्याद्रीवर चढताना गार होते. म्हणून गोव्यात किनाऱ्यावरच्या पणजीपेक्षा सह्याद्रीच्या पायथ्याच्या वाळपईला पाऊस जास्त. पाण्याची वाफ दिसत नाही. ढग दिसतो तो बारीक थेंबांमुळे. हे दोनदा सांगावं लागतं.

आता मोजणी. मुलांचं कुतूहल टिकतं ते इथेच. सरळ भिंतीची दोन लिटरची बाटली खांद्याखाली कापा, वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा बसवा, कडांना चिकटपट्टी लावा. बुडाचा वाकडातिकडा भाग खडे आणि पाण्याने भरा. भिंत जिथे सरळ होते तिथे शून्याची खूण करून वर मोजपट्टी चिकटवा. निमुळती बाटली घेतली तर आकडा चुकतो. शून्याखालचं पाणी आटलं तरी चुकतो, म्हणून ते रोज तपासा.

बाटली विटांमध्ये घट्ट उभी करा. माड किंवा छप्पर जेवढं उंच, त्याच्या दुप्पट तरी लांब, नाहीतर पागोळ्यांचं पाणी मोजाल. हवामान खात्याप्रमाणे सकाळी साडेआठला, डोळा पाण्याच्या पातळीत आणून वाचा. मग पाणी शून्यापर्यंत ओतून टाका. जुलैच्या धुवांधार दिवशी बाटली भरून वाहू शकते. संध्याकाळीही वाचा, पाणी शून्यापर्यंत ओता आणि तो आकडा दुसऱ्या सकाळच्या आकड्यात मिळवा.

एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. १०० मिलिमीटर पडला, तर ३ बाय ४ मीटरच्या अंगणात १२०० लिटर! हा हिशेब मुलांनाच करू द्या. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे हवामान खातं ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अति जोरदार’ म्हणतं. वहीत आकड्यापुढे तेही लिहून घ्या.

गडगडाट ऐकू आला तर साडेआठ वाजले असले तरी मुलांना बाहेर सोडू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा, आकडा वाचल्याची खरी वेळ वहीत नोंदवा.