वसईच्या चर्चमध्ये पणजोबांची नोंद शोधायची तर

वसई धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपच्या अखत्यारीतला चर्चचा विभाग, १९९८ साली मुंबई महाधर्मप्रांतातून वेगळा झाला. स्नानसंस्कार (बाप्तिस्मा), लग्न आणि मृत्यू यांच्या नोंदवह्या मात्र त्याहून जुन्या आहेत आणि त्या सहसा बिशप हाऊसमध्ये नव्हे, ज्या त्या चर्चमध्ये असतात. म्हणून पणजोबांच्या काळी घर कोणत्या धर्मग्रामात (एका चर्चच्या हद्दीत) मोडत होतं, ते आधी ठरवा. आजचं चर्च नंतर वेगळं झालं असेल तर वही मूळ चर्चकडे सापडते. शिवाय पहिलं बाळंतपण माहेरी होई. थोरल्या मुलाची नोंद मिळत नसेल तर त्याच्या आजोळच्या चर्चमध्ये पाहा. शोध बऱ्याचदा इथेच अडकतो.

१७३९मध्ये मराठ्यांनी वसई घेतल्यावर कितीतरी चर्चं ओस पडली. तेव्हा त्याआधीची वही मिळेलच असं धरून चालू नका.

फादरना आधी अर्ज द्या. सणाच्या दिवशी किंवा ऐन लग्नसराईत जाऊ नका. अर्जात नाव, आईवडिलांची नावं, आळी, घराण्याचं टोपणनाव आणि अंदाजे जन्मसाल पाच वर्षं मागेपुढे धरून लिहा. लोपीस, डिमेलो, तुस्कानो ही आडनावं गावोगाव आहेत, आणि नावंही पिढ्यान्‌पिढ्या तीच. त्यामुळे नुसत्या नाव-आडनावावर विसंबू नका. आईचं नाव आणि आळी जुळली तरच नोंद आपली समजा. धर्मपिता, धर्ममाता (स्नानसंस्कारावेळी मुलाची धार्मिक जबाबदारी घेणारे) नात्यातले निघाले तर खात्री आणखी पक्की.

जुन्या नोंदी लॅटिन किंवा पोर्तुगीजमध्ये असतात. घरचा जुवांव वहीत ‘योआन्नेस’ होतो, बस्त्याव ‘सेबास्तियानुस’. सर्वांत मोठा घोळ महिन्यांचा. ‘७ब्रिस’ म्हणजे जुलै नव्हे, सप्टेंबर. ‘८ब्रिस’ ऑक्टोबर, ‘९ब्रिस’ नोव्हेंबर आणि ‘१०ब्रिस’ किंवा रोमन दहाची फुली असेल तर डिसेंबर. रोमनांचं जुनं वर्ष मार्चपासून सुरू होई, त्याचा हा अवशेष. जन्मतारीख आणि स्नानसंस्काराची तारीख वेगवेगळी उतरवा. मूल जन्मलं की लवकरात लवकर स्नानसंस्कार करण्याचा दंडक होता, म्हणून जन्मतारीख माहीत असेल तर पुढचे दोन-तीन आठवडे बारकाईने बघा.

पानाच्या कडेचा समास तर अजिबात सोडू नका. १९०८च्या ईस्टरपासून लग्नाची टीप स्नानसंस्काराच्या नोंदीशेजारी करण्याचा नियम लागू झाला. त्या टिपेवरून लग्न कुठे झालं ते कळतं. तिथल्या विवाहवहीत वर-वधू दोघांच्या आईवडिलांची नावं मिळाली की शोध एक पिढी मागे सरकतो. नुसत्या आठवणींवर वंशावळ रचण्यापेक्षा ही वाट कितीतरी भरवशाची. एखाद्याचा माग अचानक तुटला तर १९१८च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीतल्या मृत्यूंची पानंही चाळा.

जुनी शाई कागद खाते, पान घडीवर तुटतं. हात कोरडे ठेवा, थुंकी लावून पान उलटू नका, पान वरच्या कोपऱ्यातून उचला. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका. तिचा गोंद पुढे कागद पिवळा करतो. फोटो परवानगीनेच काढा, कारण त्याच पानावर इतर कुटुंबांच्याही खासगी नोंदी असतात. वही, पान आणि नोंद यांचे क्रमांक टिपून मजकूर अक्षरशः उतरवा, मूळ चुकांसकट.

दाखल्यातलं नाव आधारकार्डाशी जुळत नसेल तर वहीत खाडाखोड करायचा आग्रह धरू नका. दुरुस्तीसाठी पुराव्यासह अर्ज फादरांमार्फत धर्मप्रांताच्या कार्यालयात पाठवा. मंजुरी मिळाली की मूळ ओळ तशीच ठेवून समासात टीप होते, आणि नवा दाखला त्या टिपेसह मिळतो.