खुल्या परवान्याखालील नियमांवर स्वतःचा रोल-प्लेइंग गेम कसा उभारावा

विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या रोल-प्लेइंग गेमच्या, म्हणजे खेळाडू काल्पनिक पात्रांच्या भूमिका घेऊन खेळतात अशा खेळाच्या, पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम असलेला ‘सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट ५.१’ हा दस्तऐवज जानेवारी २०२३मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ‘सीसी बाय ४.०’ या, श्रेय देऊन कोणालाही मजकूर वापरू देणाऱ्या परवान्याखाली खुला केला. इतरांना खेळाचे नियम वापरू देणारा २००० सालापासूनचा ‘ओपन गेम लायसन्स’ हा कंपनीचा परवाना बदलण्याच्या हालचालींवर खेळाडू आणि छोटे प्रकाशक खवळले, त्यानंतरच ही उदारता सुचली. अटी पाळणाऱ्याकडून ‘सीसी बाय’ परवाना काढून घेता येत नाही, म्हणून नव्या लेखकाने माझ्या मते तोच निवडावा.

प्रथम मूळ दस्तऐवज डाउनलोड करून आपल्याला हवे ते त्यातच आहे ना, हे तपासावे. कारण परवाना केवळ त्यातील मजकुराला लागू होतो, त्यामुळे कंपनीच्या इतर पुस्तकांतील चित्रे, कथानके किंवा जादा राक्षस उचलता येत नाहीत. घेतलेला मजकूर बदलता येतो, विकता येतो, मराठीत अनुवादितही करता येतो. मात्र दस्तऐवजाच्या आरंभी दिलेले श्रेयनिर्देशाचे निवेदन जसेच्या तसे छापावे, परवान्याचा दुवा द्यावा आणि केलेले बदल नमूद करावेत. व्यापारचिन्हे या परवान्यात येत नाहीत. तेव्हा मुखपृष्ठावर कंपनीचे बोधचिन्ह नको, ‘पाचव्या आवृत्तीशी सुसंगत’ एवढे लिहिणे पुरे.

स्वतः रचलेले जग आणि पात्रे खुली करण्याचे बंधन नाही. ती राखून ठेवायची असल्यास कोणता भाग कोणत्या हक्काखाली आहे, हे आरंभीच्या पानावर स्पष्ट लिहावे.