बोंडल्याला अकरावी-बारावीची मुलं न्यायची असतील तर

गोव्यातल्या बोंडला प्राणिसंग्रहालयाची सहल म्हटली की पिंजऱ्यांपुढून भरभर फिरायचं, फोटो काढायचे, डबा खायचा आणि बसमध्ये बसायचं. पाचवीच्या मुलांना ते पुरतं. सतरा वर्षांच्या मुलांना मात्र प्राणी धोक्यात का आले आणि त्यात आपल्या तालुक्याचा संबंध काय, हे विचारायला लावता येतं. त्यासाठी एका भेटीत एकच प्राणी नीट शिकवावा, असं माझं ठाम मत आहे.

प्राणी निवडा, जागा बघून या

मी गवा निवडेन. गोव्याचा राज्यप्राणी आहे, आणि सत्तरी-सांग्याच्या मुलांनी तो बागायतीत शिरलेला पाहिलेला किंवा ऐकलेला असतो. आधी शिक्षकांनी एकदा जाऊन कोणते प्राणी सध्या आहेत, सावली कुठे आहे, हे पाहावं. गुरुवारी प्राणिसंग्रहालय बंद असतं. वनखात्याशी बोलून ठेवा. प्राण्यांना रोज खाणं घालणारा कर्मचारी दहा मिनिटं बोलला, तर मुलं त्याचं आपल्यापेक्षा जास्त मन लावून ऐकतात.

वर्गात एक तास

फळ्यावर दोन रकाने करा: आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेची लाल यादी आणि १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. वाघ, गवा, चितळ, मोर, खवले मांजर ही नावं मुलांकडून भरून घ्या. वाघ आणि खवले मांजर लाल यादीत 'संकटग्रस्त' आहेत, गवा 'असुरक्षित', चितळाला तिथे फारसा धोका नाही. मोर लाल यादीत सुरक्षित, पण कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षणाच्या, अनुसूचीत. इथे मुलं अडतात, आणि अडू द्यावं. एक यादी नामशेष होण्याची शक्यता मोजते, दुसरी देशाने कोणाला किती संरक्षण द्यायचं ते ठरवते. बारावीच्या मुलाला हा फरक कळतो.

गव्यासमोर अर्धा तास

सगळ्या भेटीचं सार इथे आहे, म्हणून घाई करू नका. मुलांच्या जोड्या करा. दर दोन मिनिटांनी एकाने घड्याळ बघून सांगायचं, दुसऱ्याने गवा काय करतोय ते लिहायचं: चरतोय, रवंथ करतोय, उभा आहे, चालतोय. पहिली पाच-सात मिनिटं चुळबुळ होते. मग कोणाला तरी गुडघ्याखालचे पांढरे पाय दिसतात, खांद्यापासून पाठीवर गेलेला उंचवटा दिसतो, माश्या हाकलणारे कान दिसतात. एवढं मोठं धूड रोज किती चारा खात असेल, हा प्रश्न आपोआप येतो. तिथेच विचारा: जंगलात तो चारा कमी झाला, तर हा कुठे जाईल? वाटेत रस्ता आला, खाण आली, काजूची बाग आली, तर?

गुरांच्या रोगांचाही विषय काढा. बुळकांडीने पूर्वी गुरांबरोबर गवेही मेले. लसीकरणाच्या बळावर २०११ मध्ये हा रोग जगातून संपल्याचं जाहीर झालं. गोठ्यातली लस जंगलातल्या जनावराला वाचवते, हे मुलांना नवं असतं.

"इथे वाढवून जंगलात सोडले तर?" असं कोणीतरी विचारेलच. उत्तरादाखल गिधाडांचं सांगा. त्यांना मारणारं डायक्लोफिनॅक हे औषध जनावरांसाठी वापरायला २००६ मध्ये बंदी आली. हरियाणातल्या पिंजोरच्या गिधाड प्रजनन केंद्रात पिल्लं वाढवली तरी ते विष गुरांच्या मढ्यांत राहिलं असतं, तर सोडलेली गिधाडंही मेली असती. मूळ कारण आधी दूर करावं लागतं.

निघण्याआधी एक सांगून ठेवा: प्राण्यांना डिवचणं किंवा खायला घालणं हा कायद्याने गुन्हा आहे.

परतल्यावर

जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यात विषप्रयोगाने चार वाघ मेले. जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने तीन महिन्यांत तिथे व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करायला सांगितलं आणि राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. यावर वर्गात सुनावणी भरवा. गुरं गमावलेला शेतकरी, वनरक्षक, गावचा पंच, पर्यावरणाचा कार्यकर्ता अशा भूमिका वाटा. शेतकऱ्याची बाजू सगळ्यात हुशार मुलाला द्या, नाहीतर चर्चा एकतर्फी होते आणि ज्याच्या घरची म्हैस गेली त्याचं दुःख कोणापर्यंत पोचत नाही. वाघ्रोला, म्हणजे वाघाला देव मानून, पुजणारी गावं या भागात आहेत; तीही बाजू कोणीतरी मांडावी.

गुण द्यायचे असतील तर प्रत्येकाकडून गव्याच्या पिंजऱ्यासाठी साठ शब्दांचा फलक लिहून घ्या, मराठीत किंवा कोंकणीत. त्यात धोका काय आणि त्यावर कोण काय करतंय, हे आलंच पाहिजे. चांगले दोन-तीन फलक वनखात्याकडे पाठवा.